वयनी, तुझा विडा मी खाल्ला

वयनी, मेलेल्या माणसानं थोडं तरी गप्प राहावं, अशी साधी अपेक्षा असते. आपल्या दिघोरीत आजवर जेवढे गेले, त्या सगळ्यांनी ती पाळली. तुझे सासरे, म्हणजे माझे बाबा, जिवंतपणी असे बोलायचे की बोडीच्या, आपल्या गावतळ्याच्या, पाण्यापलीकडचा माणूस दचकून वळून पाहायचा. पण गेले ते गेलेच. नंतर एक अक्षर नाही. तू मात्र स्वतःच्या तेरवीच्या पंगतीत बोललीस.

तुळशीचं लग्न नुकतंच होऊन गेलं होतं, म्हणजे लग्नांना तोंड फुटलं होतं. अंगणात पंगत बसली होती. तुझी लेक मंदा भात वाढत होती, तिचा भाऊ नितीन तिच्या मागून वरण घेऊन येत होता. तेवढ्यात फाट्याकडून कुणाची तरी वरात आली. आधी बेस आला. बेस कानात येत नाही, पोटात येतो. पत्रावळीवरच्या वरणाला बारीक बारीक लाटा आल्या. आणि मग तू आलीस:

आसगावची सरुबाई, आली वो नखऱ्यात,
सोन्याची नथ नाकात, अन् जिलबी पदरात!

सगळ्यांचे हात तसेच राहिले, कुणाचा तोंडाजवळ, कुणाचा पत्रावळीत. भिंतीपलीकडे गल्लीतली पोट्टी नाचत होती, 'जिलबी पदरात, जिलबी पदरात' ओरडत होती. त्यांचं काय चुकलं? गाणं नाचायचंच आहे. नितीननं वरणाची बादली खाली ठेवली आणि गोठ्याकडे निघून गेला. दादानं, तुझ्या नवऱ्यानं, मान वर केली आणि अगदी रोजच्यासारखं विचारलं, "कौसा आली काय गा?"

मी लग्नामांडवात माईकवर बोलणारा माणूस. माझ्यासमोर शांतता टिकत नाही. मी म्हणालो, "नाही दादा, पुढं जाऊन राहिली. लग्न आहे तिले."

दादानं मान हलवली आणि भात कालवायला घेतला.

माझी बायको म्हणते, मोठ्या वयनीला 'तू' कायले म्हणता, आतातरी 'तुमी' म्हणा. आता कसं म्हणू? तू या घरात आलीस तेव्हा मला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. ती तू बांधलीस, तीही अशी गाठ मारून की शाळेत मला सोडता येईना आणि पुढचं सगळं सगळ्या वर्गानं पाहिलं. नंतर तू तासभर हसत होतीस. अशा बाईला आदरानं बोलवायचं म्हणजे तिच्याशी भांडण झाल्यासारखं वाटतं.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना त्या गाण्याची गोष्ट ठाऊक असेलच असं नाही. म्हणून तुझ्या देखत सांगतो. चुकलो तर टोक. टोकायला तू काही मरणाची वाट पाहणारी नव्हतीस आणि मरण आलं म्हणून थांबणारीही नाहीस.

आपल्याकडच्या जुन्या लग्नात नाचायचे ते बाप्ये. रस्त्यावर बँड, नाहीतर बेंजो पार्टी, आणि तोंडात रुमाल धरून साप झालेले तुझे सगळे दीर. मीही. मी फार चांगला साप व्हायचो. बायांनी रस्त्यावर पाय हलवायचा नाही. त्या मांडवात सतरंजीवर पदर घेऊन बसायच्या, खाली मान घालून, जशा काही गरीब गाई. पण नवऱ्या मुलाची आई, म्हणजे विहीण, मांडवात येऊन बसली रे बसली, की या गाईंना शिंगं फुटायची. मुलीकडच्या बाया गाण्यातून विहिणीला शिव्या द्यायच्या. तिचं नाव घेऊन, तिच्या गावाचं नाव घेऊन. तिच्या नथीला, तिच्या चालण्याला, तिच्या जेवण्याला. विहिणीनं रागवायचं नाही. तिच्याकडच्या बायांनी उलट गाणं टाकायचं. दोन्हीकडून असा मारा व्हायचा की बाप्ये हळूच मांडवाबाहेर पडून बिड्या ओढायचे.

त्यात तू म्हणजे तोफखाना. पाठ केलेली गाणी तुला चालायची नाहीत. तू विहिणीच्या तोंडाकडे एकदा पाहायचीस, एकदा तिच्या पदराकडे, आणि ओळ तयार. आजूबाजूच्या गावांतून तुला बोलावणं यायचं. 'कौसाबाईले पाठवा, आमची विहीण भारी आहे.' मी माईकवाला झालो तो झाडीपट्टीच्या नाटकांत पडद्याआडून घोषणा करून, पण भर मांडवात माणसाला उघडं कसं करायचं हे मी तुझ्याकडून शिकलो.

तुझा एक नियम होता. गाणं संपलं की उठून विहिणीपुढे जायचं, दोन ओळींचा उतारा म्हणायचा आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात विडा द्यायचा. उतारा म्हणजे दिलेली शिवी उतरवून घेणं, जशी आपण लेकराची नजर उतरवतो तशी. तूच म्हणायचीस, "शिवी मांडवातच उतरली पायजे. घरी नेली त ती नांदते." त्या दोन ओळीही तिथल्या तिथे, त्या बाईच्या तोंडाकडे पाहून. आणि विड्यात तू चुना जास्त लावायचीस, हेही सांगून टाकतो. विहिणीची जीभ पोळायची, तिला उलट बोलता यायचं नाही, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि सगळ्यांना वाटायचं की बाई उतारा ऐकून गहिवरली.

मंदाचं लग्न राईस मिलमध्ये झालं. मिल बंद पडली, पोती गेली, मशीन गेली, आणि त्या लांबलचक पत्र्याखाली फरशी बसवून मालकानं हॉल केला. पाटीवर मोठं मंगल नाव आहे, पण आपण अजून म्हणतो, 'मिलवर लग्न आहे.' कोपऱ्यात अजून कोंड्याचा वास येतो. त्या दिवशी आसगावहून मंदाची सासू आली, सरुबाई. नथ, नऊवारी, आणि चालणं असं की आपल्या पाहुण्यांनी आपोआप वाट सोडली. आल्या आल्या पंगतीतली जिलबी कुणीतरी तिच्या नातीच्या हातात दिली. नात ती धरून दमली, आणि सरुबाईनं ती पदरात बांधून घेतली. एवढंच झालं होतं. तुला एवढं पुष्कळ होतं.

कोणी पुसे, सरुबाई, पदरात काय वो?
म्हणे, मांजरीचा वाटा, तुमचं काय जाय वो!

पत्रे हादरले. आसगावच्या बायांनी उलट टाकली, तू त्याच्यावर चढवली. शेवटी तू उठलीस, सरुबाईपुढे उभी राहिलीस, उतारा म्हटलास, विडा दिलास. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. विडा चावत, श्वास ओढत ती म्हणाली, "विहीण भेटली त अशी भेटावी माय!" आणि तिनं तुला मिठी मारली. मी तिथंच होतो, पण उताऱ्याच्या ओळी माझ्या लक्षात नाहीत. मी बाप्यांबरोबर हसत होतो.

नितीन तेव्हा कॉलेजात होता. त्यानं मोबाईलवर ते सगळं रेकॉर्ड केलं. सगळं म्हणजे उताऱ्याच्या अलीकडपर्यंत. तिथं त्याचे मित्र त्याला ओढून बाहेर नाचायला घेऊन गेले आणि मोबाईल बंद झाला. पुढं तो डीजे झाला. पिकअप गाडी घेतली, त्यावर बॉक्स चढवले, लॅपटॉपवर तुझ्या आवाजाखाली बेस टाकला. आणि एका पेन ड्राइव्हमधून दुसऱ्यात, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, तू साऱ्या जिल्ह्यात पसरलीस.

आधी तू खूश होतीस, हे मी विसरणार नाही. तुला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तू पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसून, काच खाली करून, मांडी ठोकत ऐकलंस. आणि त्याच वर्षी मिलच्या हॉलमध्ये, कुणाच्यातरी हळदीला, पोरींनी तुला ओढून फरशीवर नेलं. साठीच्या आसपासची बाई, पदर कमरेला खोचून, स्वतःच्याच आवाजावर नाचली! दादा दारात उभा होता. जुना दादा असता तर दार आपटून गेला असता. हा दादा उभा राहिला, टोपी काढून डोकं खाजवत राहिला, पण गेला नाही. मी माईकवरून म्हणालो, "मंडळी, आज मांडवात भूकंप आहे, लहान लेकरं सांभाळा." तू तिथूनच ओरडलीस, "भाऊजी, तोंड बंद करा, पाय काढा!"

घरी येताना तू म्हणालीस ते मला आजही पुरतं. "आमाले तोंड होतं, पाय नव्हते. ह्या पोट्ट्याईले पाय भेटले त तोंड गेलं. मशीन गाते, ह्या नाचतात. कोणाले काय म्हणायचं ते कोणी म्हणतच नाही."

मी म्हणालो, "पाय भेटले ना? मग कायले रडून राहिली?"

"रडून कोठी राहिली? सांगून राहिली."

मग आसगावहून खबर यायला लागली. सरुबाई बाजारात गेली की पोट्टे मागून गातात. भाजीवाला विचारतो, मावशी, पदरात कोथिंबीर टाकू का जिलबी? तिच्या पुतण्याच्या लग्नात, तिच्याच मांडवात, तिच्यासमोर ते गाणं वाजलं आणि तिच्याच घरचे लोक नाचले. नाचताना कुणाच्या ध्यानातही आलं नाही की ही ती सरुबाई. सरुबाई उठून घरात गेली आणि लग्न होईपर्यंत बाहेर आली नाही. नंतर तिनं दिघोरीला येणं सोडलं. मंदाला ती काही बोलली नाही. तू म्हणायचीस, बोलली असती तर बरं झालं असतं.

तू नितीनच्या मागे लागलीस. "उतारा टाक त्यात. शिवी फिरून राहिली अन् उतारा नाही."

"माय, तिथं बीट पडते. लोक थांबतात."

"थांबले त काय मरतात?"

तो म्हणाला, बरं, म्हण, रेकॉर्ड करतो. आणि तू बसलीस मोबाईलसमोर, आणि तुला त्या ओळी आठवेनात. तू दुसऱ्या जुळवल्यास. त्या चांगल्या होत्या. पण तू म्हणालीस, "ह्या नाही. ह्या मी भिंतीकडे पाहून केल्या." मी म्हटलं, सरुबाईला विचार, तिला आठवत असेल. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं मी भर मांडवात धोतर सोडलंय. "दिलेलं परत मागू काय?"

मग आपलं ते भांडण, जे ओट्यावर सुरू झालं आणि संपलंच नाही. तू सुपात लाखोरीचे दाणे पाखडत होतीस. मी म्हणालो, "वयनी, तू उगाच जीव जाळून राहिली. गाणं मांडवाबाहेर गेलं की आपलं राहत नाही. लोक खूश होतात. नाचणाऱ्याले कोण सरुबाई, काय मालूम?"

"तेच त म्हणून राहिली मी. मालूम नसलेल्या माणसाले शिवी देते काय कोणी? मी तिच्या डोळ्यात पाहून दिली होती. ती पलटून देत होती. आता ती कोणाले पलटून दे? डीजेले?"

"पण बाया नाचायला लागल्या त्या डीजेमुळंच ना?"

"लागल्या. मी पण नाचली. म्हणून काय त्या बाईनं जन्मभर जिलबी वाहायची?"

मी काहीतरी जोरदार उत्तर देणार होतो. तू सूप आपटून म्हणालीस, "थांबा, हे होऊ द्या, मग सांगतो तुमाले." आणि धान कापणीला आलं, तू बांधीत, धानाच्या शेतात, गेलीस, आणि नंतर जे झालं ते झालं. तू काय सांगणार होतीस, वयनी? माझं उत्तर तर मी रोज नवं तयार करतो. जुन्या बंद थेटरात एकटाच संवाद म्हणणाऱ्या नटासारखी माझी गत झालीय. समोरचं पात्र विंगेत गेलं ते आलंच नाही.

तू गेलीस तेव्हा मंदा आली, जावई आला, सरुबाई आली नाही.

त्या तेरवीनंतर दादा बदलला. संध्याकाळ झाली आणि कुठून बेस आला की तो टोपी घालतो, काठी घेतो आणि निघतो. कोणाचं लग्न आहे, आमंत्रण आहे की नाही, काही नाही. मांडवाच्या बाहेर, गाडीच्या बाजूला उभा राहतो. तुझं गाणं लागलं की ऐकतो, संपलं की घरी येतो. लोकांना आता माहीत झालंय. कुणी खुर्ची देतं, तो बसत नाही. एकदा मी त्याच्यामागे गेलो. नाचणाऱ्या पोरींच्या पलीकडे तो त्या काळ्या बॉक्सकडे पाहत होता, जसं बंद दारापलीकडून कुणी बोलत असावं आणि दार उघडायची वाट पाहावी. 'तुमचं काय जाय वो' झालं आणि गाणं तुटलं. तिथं नेहमी तुटतं. लगेच दुसरं सुरू होतं. दादा मला म्हणाला, "अर्ध्यातच उठून जाते गा ती. पूर्ण कधी म्हणून नाही राहिली."

तुला खरं सांगू? मला भीती वाटली. तुझी नाही. त्या अर्ध्याची.

नितीनचं लग्न तूच ठरवून गेली होतीस, नाकाडोंगरीची मुलगी, फाल्गुनातली तारीख. केवढी घाई तुला त्या लग्नाची! आजवर तू दुसऱ्यांच्या विहिणी फाडल्यास. या लग्नात तू स्वतः नवऱ्या मुलाची आई होणार होतीस. नव्या विहिणीला तू फोनवर बजावलं होतंस, "बाया चांगल्या आणा बरं, मले शिव्या खायाच्या आहेत. तोंडपुज्या आणान त मी लग्नच मोडतो." आणि तूच नाहीस.

मी पत्रिका घेऊन आसगावला गेलो. सरुबाई ओट्यावर बसली होती. ती बारीक झालीय. नथ नव्हती. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमाले राग आला असन, मी आली नाही त."

"राग नाही. वाट पाह्यली."

"मी मयतीत आली असती त लोक तुमच्या मयतीले पाह्यले नसते, मले पाह्यले असते. 'जिलबीवाली आली.' कोणी हसलं असतं. तिच्या मयतीत मले पाहून कोणी हसावं हे बरं दिसते काय, भाऊ?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि भीत भीत विचारलं, "तो उतारा आठवते काय तुमाले?"

"आठवते त."

"सांगा ना."

"तुमाले कायले सांगू? तो मले दिला होता." ती आत गेली. दारातून वळून म्हणाली, "तिले आठवे काय?"

मी नाही म्हणालो. सरुबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. मला वाटलं, चिडेल. ती हसली. म्हणाली, "ते त मले मालूमच होतं. अशीच होती ती, दुसऱ्याचं घेऊन विसरत नव्हती, आपलं दिलेलं विसरे."

लग्नाला येते की नाही, ते तिनं सांगितलं नाही.

नितीननं स्वतःच्या लग्नात बाजा ठेवला नाही. ज्यानं तालुकाभर लोकांना नाचवलं, त्यानं हात जोडून सांगितलं, "माय जाऊन वर्ष नाही झालं." मिलच्या हॉलमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि मग नुसता पळ्यांचा आवाज. नाकाडोंगरीच्या पोरी छान नटून आल्या होत्या, फरशीवर पाय घासत बसल्या होत्या. मी माईकवर जे काही बोलत होतो ते मलाच परत ऐकू येत होतं. नवरदेवाच्या आईची खुर्ची मंदानं रिकामी ठेवली होती, त्यावर तुझी हिरवी शाल होती. विहीणभेटीची वेळ आली. नवी विहीण उठली, पुढे आली, आणि खुर्चीकडे पाहून थांबली. मंदा पुढे व्हायला निघाली.

तेव्हा दारात सरुबाई दिसली. नथ, नऊवारी, तेच चालणं. लोकांनी वाट सोडली, आणि मग ओळखून कुजबुजले. मी मनात म्हणालो, आता कोणी 'जिलबी' म्हटलं तर या माईकच्या वायरनं त्याला बांधीन.

कोणी म्हटलं नाही. म्हटलंस तू. बाहेर रस्त्यावरून दुसऱ्या कुणाची वरात चालली होती. बेसनं मिलचे पत्रे थरथरले, आणि तुझा आवाज भिंतीतून आत आला:

आसगावची सरुबाई, आली वो नखऱ्यात...

वयनी, ते काय होतं? तुझ्याच मुलाच्या लग्नात, तुझी खुर्ची रिकामी, सरुबाई हॉलच्या मधोमध, आणि तू बाहेरच्या रस्त्यावरून तिला शिवी देत निघालीस. दादा उभा राहिला. नितीन मुंडावळ्यांसकट बोहल्यावरून खाली आला. सरुबाई जिथल्या तिथे थांबली, मान ताठ, डोळे समोर, जशी मंदाच्या लग्नात बसली होती तशी. गाडी पुढे गेली. 'तुमचं काय जाय वो' झालं, आणि तू नेहमीच्या जागी तुटलीस.

सरुबाई माझ्याकडे आली. म्हणाली, "द्या ते इकडं." आणि माईक घेतला. कुठून बोलतात ते तिला ठाऊक नव्हतं, उलटा धरला; मी सरळ करून दिला. ती खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली, शालीकडे बोट केलं, आणि म्हातारा, फाटका, खणखणीत आवाज लागला:

दिघोरीची कौसाबाई, तोंडाची मोठी वो,
पोराच्या लग्नाले नाही, लपली जाऊन कोठी वो?

आधी कुणाला कळेना की हसावं की काय करावं. मग नव्या विहिणीला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मागून टाळी दिली. सरुबाई चढली:

आली नाही कायले, अंगात आला माज वो?
शिव्या आमच्या खायाले वाटली काय लाज वो?

नाकाडोंगरीच्या पोरी उठल्या. त्यांना शब्द येत नव्हते, पण 'कोठी वो?' त्यांनी उचललं, टाळ्यांवर, पायांवर. सगळा हॉल विचारत होता, कोठी वो, कोठी वो? दादा हसत होता आणि टोपीनं डोळे पुसत होता. नितीनचा हात सवयीनं मोबाईलकडे गेला. सरुबाईनं गाता गाताच त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं हात मागे घेतला. एकेकाळी तू जशी पाहायचीस, तसंच पाहणं होतं ते.

मग तिनं पोरींना हातानं थांबवलं. सगळं थांबलं. ती खुर्चीजवळ वाकली आणि तुझा उतारा तुला परत दिला:

सोडा पदर, पाहू द्या वो, जिलबी कोठी मावली?
माह्या लेकीच्या डोक्यापुरती होती तिथं सावली.

मंदा तिथंच खाली बसली. ती दोन्हीकडची होती ना; एकीची लेक आणि दुसरीच्या सावलीतली. दादा हळूच म्हणाला, "हं. आता झालं पूर्ण."

सरुबाईनं पदराची गाठ सोडली. त्यात विडा होता. तो तिनं शालीपुढे धरला, मग आजूबाजूला पाहिलं आणि मला बोलावलं. "तुमी तिचे दीर ना? या. आ करा."

मी आ केला. तिनं विडा तोंडात घातला आणि माईक परत माझ्या हातात दिला. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता, आता हा काहीतरी बोलेल म्हणून. मला बोलायचंही होतं, वयनी. ओट्यावरच्या भांडणाचं उत्तर मला तिथं सुचलं होतं. पण सरुबाईनं चुना असा लावला होता की जीभ पेटली, डोळ्यांतून पाणी धो धो वाहायला लागलं, आणि सगळ्यांना वाटलं, मी गहिवरलो.

सरुबाई माझ्याकडे पाहत होती, पदर तोंडाला लावून, खुदुखुदू.

जीभ अजून पोळलेली आहे. आज संध्याकाळी बोडीपलीकडून पुन्हा तू आलीस, त्याच जागी तुटलीस. दादा टोपी न घालता ओट्यावरच बसून होता. राहिलेल्या दोन ओळी त्यानं तिथूनच म्हटल्या, बेसूर. मी त्याच्या शेजारी बसून होतो. भांडणाचं उत्तर मी तुला आता देत नाही. चुना तुझ्या वाट्याचा होता, तो मी खाल्ला. उत्तर माझ्याकडे राहू दे.